धूर काढून नॉनस्टिक तवा नवा होत नाही

‘नॉनस्टिक तवा टाकू नका, त्यात मीठ टाका!’ हा व्हिडिओ सध्या जोरात फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवरही येऊन पोचला आणि मावशीने खाली लिहिलं, ‘उद्याच करून बघते.’ म्हणून हे आजच लिहिणं भाग आहे.

दावा असा : मूठभर जाडं मीठ घालून तवा मोठ्या आचेवर धूर येईपर्यंत तापवायचा, मग तेल फिरवायचं. कोटिंगची ‘छिद्रं बुजतात’ आणि तवा आयुष्यभर टिकतो. शिवाय तारेची घासणी चालते, कोटिंग गेलं तरी खालचं ॲल्युमिनियम चालतं, पोटात गेलेले कण काही करत नाहीत.

आधी धुराचं बघू. नॉनस्टिकचा थर म्हणजे पीटीएफई, आपल्या बोलण्यातलं टेफ्लॉन. कारखान्यात ॲल्युमिनियम खरखरीत करून त्यावर तो चढवतात आणि भट्टीत भाजून पक्का करतात. गॅसवर मीठ भाजून त्यातला कणभरही परत यायचा नाही. उलट साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा थर खराब व्हायला लागतो आणि ३५० च्या पुढे त्यातून विषारी वायू निघतात. मोठ्या आचेवर कोरडा तवा तिथवर जायला काही मिनिटं पुरतात. आणि तेल पडायच्या आधीच जो धूर येतोय तो कशाचा, हे व्हिडिओतल्या बाईंना विचारावंसंही वाटलं नाही? माणसाला त्या वायूने थंडीताप भरल्यासारखं होतं. पिंजऱ्यातले पक्षी मात्र थेट मरतात. मावशीच्या स्वयंपाकघराला लागूनच्या गॅलरीत लव्हबर्ड्स आहेत!

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हेच आहे. टेफ्लॉनचं भांडं १७० अंशांपुढे तापलं तर धोका, आणि उदाहरण दिलंय ते रिकामं भांडं बर्नरवर राहण्याचं. १७० हा आकडा मला फारच कडक वाटतो, घावन काढतानाही तवा त्याच्या वर जातो. पण रिकामा तवा तापवू नये, यात वाद नाही.

तेल जाळून तवा तयार करणं खोटं नाही, पण ते बिडाच्या आणि लोखंडी तव्याचं. टेफ्लॉनवर त्याच जळक्या तेलाचा चिकट, पिवळट पापुद्रा धरतो. आता एक मान्य करावं लागेल : व्हिडिओत शेवटी धिरडं सुटून आलं, ते खरंही असेल. बऱ्याचदा कोटिंग शाबूत असतं, वर हा पापुद्रा असतो आणि मिठाने घासून तो निघतो. त्यासाठी तव्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून मंद उकळा, गार झाल्यावर मऊ स्पंजाने पुसा. तरीही चिकटलं, तर कोटिंग संपलं.

तारेच्या घासणीवर बोलण्यात अर्थ नाही. पोटात गेलेल्या कणांचं मात्र बरोबर आहे : पीटीएफई पचत नाही, तसंच बाहेर पडतं. उघड्या ॲल्युमिनियममध्ये चटणी-सांबारासारखे आंबट पदार्थ ठेवू नयेत, हेही त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

राहिलं टिकण्याचं. घराघरात नॉनस्टिक तवा लवकर जातो तो पोळ्यांमुळे : मोठी आच, वर तेल नाही, दोन पोळ्यांच्या मध्ये तवा तसाच तापत राहतो. पोळ्यांना लोखंडी तवा घ्या. घावन, धिरडी, ऑम्लेट मध्यम आचेवर आणि लाकडी उलथन्याने केली तर नॉनस्टिक काही वर्षं जातो. आयुष्यभर कुठलंच कोटिंग पुरत नाही.