तीन वर्षं हप्ता नाही भरला की लोन माफ? कोणी सांगितलं?

सध्या मुंबईतल्या निम्म्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आमच्या विक्रोळीच्या ग्रुपवर तर तीन जणांनी टाकलाय. म्हणणं असं की पर्सनल लोन नाहीतर क्रेडिट कार्डाचे पैसे तीन वर्षं भरू नका, कायद्यानेच कर्ज संपतं, बँकेने राइट ऑफ केलं म्हणजे माफ, सिबिल म्हणजे कर्जफेडीची नोंद आपोआप साफ, वसुलीवाल्याला दारात यायचा हक्क नाही आणि जेल तर कधीच होत नाही. खाली मोबाईल नंबर, "सेटलमेंट आणि सिबिल क्लीनसाठी संपर्क करा".

मी काही वर्षं एका फायनान्स कंपनीच्या कलेक्शनला होतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात.

तीन वर्षांचं आधी. १९६३ चा मुदतीचा कायदा आहे, पैशाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत टाकावा लागतो, इथवर बरोबर. पण मुदत दावा टाकायची आहे, कर्जाची नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९५० च्या दशकातच सांगून ठेवलंय, तेही आपल्याच बॉम्बे डाइंगच्या केसमध्ये, कामगारांच्या न दिलेल्या पगाराचा मामला होता, की मुदत उलटली तरी देणं संपत नाही, कोर्टातून वसूल करायचा रस्ता तेवढा बंद होतो. आणि बँक तीन वर्षं हातावर हात ठेवून बसते असं वाटतं का तुम्हाला? मुदत संपायच्या आत फाइल लीगलला जाते, दावा टाकला जातो, तुम्ही समन्स घेत नाही कारण ग्रुपवर वाचलंय की काही होत नाही, मग एकतर्फी डिक्री होते, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत बँकेच्या बाजूने कोर्टाचा हुकूम निघतो, आणि ती बजावायला बँकेला पुढे १२ वर्षं मिळतात. घ्या, तीनाचे झाले बारा. शिवाय मुदत चालू असताना तुम्ही सही करून "देणं आहे, सवड द्या" असं लिहून दिलंत किंवा चेकने थोडेफार पैसे भरलेत, तर तिथून तीन वर्षं परत पहिल्यापासून मोजतात. घर गहाण असेल तर हा मेसेज सरळ डिलीट करा, तिथे २००२ चा सरफेसी कायदा लागतो, ६० दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात दावा न टाकताही ताबा घ्यायच्या मागे लागू शकते.

राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या वहीत केलेली नोंद. तुमचं देणं तिथल्या तिथे. बस, यात अजून काही नाही.

सिबिल आपोआप साफ होत नाही. सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांना माहिती कमीत कमी सात वर्षं ठेवावी लागते, आणि सेटलमेंट, म्हणजे थोडे कमी पैसे भरून तडजोड, केलीत तर खातं "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" दिसतं, म्हणजे पुढच्या बँकेला कळतं की याने पूर्ण भरले नव्हते. अगदीच जमत नसेल तर सेटलमेंट करा, पाप नाही ते, पण पत्र बँकेच्या लेटरहेडवर आधी हातात घ्या, मग पैसे, आणि तेही बँकेच्या लोन खात्यातच. त्या मेसेजमधल्या नंबरवाल्याला कशाला फी द्यायची? खरी नोंद तो पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चारही जणांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच आहे. चूक दिसली की डिस्प्यूट टाका, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलाय. तो कसा कोणी फॉरवर्ड करत नाही कोण जाणे.

आता वसुलीवाला. तो घरी येऊ शकतो. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मात्र त्याच्याकडे हवं, आधी ते मागा, फोटो काढून ठेवा. तुमचा हक्क तो कसा वागतो यावर आहे आणि तो हक्क चांगला दणकट आहे. ऑगस्ट २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सांगतं की थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, धमकी नाही, चारचौघांत बेइज्जती नाही, घरच्यांना नि मित्रांना त्रास नाही. म्हणजे शेजारच्या काकूंना "यांचं लोन थकलंय" सांगून जाणं, ऑफिसच्या रिसेप्शनला फोन करून नाव काढणं, हे चालत नाही म्हणजे नाही. लोन ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट उचलून सासऱ्यांना मेसेज टाकणं तर त्याहून वाईट, ॲपला फोनबुक आणि गॅलरी बघायचीच परवानगी नाही. कॉल रेकॉर्ड करा, स्क्रीनशॉट ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, एक पैसा लागत नाही. मारायची धमकी असेल तर मात्र ३० दिवस थांबू नका, सरळ पोलीस स्टेशन गाठा. एक सांगतो, पोरं बहुतेक कमिशनवरची असतात, अधिकारपत्र मागितलं आणि रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की निम्म्यांचा आवाज खाली येतो.

आणि जेल. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, हे दिवाणी प्रकरण आहे, ऐपतच नसलेल्या माणसाला डिक्रीपायी तुरुंगात टाकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये सांगितलंय. पण "कधीच" हा शब्द खोटा. चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि खात्यातून ऑटो कटणारा हप्ता पैसे नसल्याने बाउन्स झाला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. खोटी सॅलरी स्लिप लावून लोन काढलं असेल तर फसवणुकीचा गुन्हा, तो वेगळाच. उलट बाजूने वसुलीवालेही व्हॉट्सॲपवर लाल शिक्क्याची "अटक वॉरंट" पाठवतात, लोकअदालतीची (जिथे आपसात तडजोड करतात) नोटीस पोलीस केस असल्यासारखी वाचून दाखवतात, त्याला घाबरू नका. पत्रावर केस नंबर आहे का बघा, तो ई-कोर्ट्स या कोर्टाच्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी साइटवर टाका. तिथे केस सापडली तर तारखेला वकील घेऊन हजर राहा, नाही सापडली तर ते पत्रही तक्रारीला जोडा.