‘कोकणात हिम पडतंय, झाडं झाका’ : हा सल्ला कोकणाचा नाही

डिसेंबर लागला की कोकणातल्या फोनांवर एक मजकूर फिरू लागतो. दापोली-मंडणगडात आता महाबळेश्वरसारखं हिम पडतं, म्हणून केळी, मिरवेल, जायफळ प्लॅस्टिकने गुंडाळा, रात्री पाचोळ्याचा धूर करा, मुळाशी कोमट पाणी घाला, ताकदीसाठी युरिया द्या आणि काळी पडलेली पानं लगेच कापा, असं त्यात म्हटलेलं असतं. त्यामागची काळजी खरी आहे. उपाय मात्र बहुतेक चुकीचे आहेत, आणि एक-दोन तर झाडाच्या जिवावर उठणारे.

आधी हिमाचं बघू. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीच्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गवताचं पातं त्याहून तीन-चार अंशांनी जास्त गार होतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पारा शून्याच्या वर असतानाही दव गोठतं ते यामुळेच. हाच हिशोब दापोलीला लावा: पेटीत 9 अंश, तर गवतावर 5-6. तिथे दव दवच राहतं. खलाटीत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल पट्ट्यात, समुद्राची ऊब असल्याने पारा तेवढाही उतरत नाही.

म्हणून झाडांना काहीच होत नाही, असंही नाही. केळी, मिरवेल, जायफळ ही सगळी कायम उबदार, दमट हवेतली झाडं. 10-12 अंशांखाली त्यांच्या पेशींची आवरणं ताठरतात, आतला रस बाहेर झिरपतो. पानावर आधी भिजल्यासारखे डाग दिसतात, मग ते काळे पडतात. बर्फाचा कणही लागत नाही. दुसरा त्रास पहाटेच्या कोरड्या मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या, वाऱ्याचा. गारठ्याने मुळं मंदावलेली आणि वारा पानांतलं पाणी ओढून नेतोय, मग पान करपणारच. दोन्ही ओळखायला सोपं आहे: कडा तपकिरी आणि कुरकुरीत असतील तर वारा नि पाण्याची ओढ, पात्याच्या मध्ये काळसर, मऊ चट्टे असतील तर गारठा. ‘हिमाने जळलं’ म्हणून दाखवली जाणारी पानं नीट पाहा, बरीचशी पहिल्या प्रकारची निघतात.

‘प्लॅस्टिकने गुंडाळा.’ हे करूच नका. रात्री जमीन आणि झाड आपली उष्णता आभाळाकडे सोडतात. साधं पातळ प्लॅस्टिक ती फारशी अडवत नाही. प्लॅस्टिक टेकलं तिथलं पान प्लॅस्टिकइतकंच गार पडतं, आतल्या दमटपणाने बुरशी धरते आणि सकाळी दहाच्या उन्हात आत भट्टी होते. नारळी-पोफळीच्या सावलीतल्या जायफळाला तर काहीच लागत नाही, वरच्या झावळ्याच त्याचं आभाळ झाकतात. प्रश्न असतो उघड्यावरच्या, वर्षा-दोन वर्षांच्या रोपांचा. त्यांना चार काठ्या रोवा, शेंड्याहून हातभर उंच. वर आणि पूर्वेच्या बाजूला नारळाचा झाप बांधा, पानाला कुठेही टेकू देऊ नका. पश्चिम उघडी ठेवा. हाच झाप पुढे एप्रिलच्या उन्हातही कामी येतो. कुंड्या असतील तर जांभ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला लावून ठेवा; दुपारी तापलेला चिरा रात्री ऊब देत राहतो. खोलगट जागा टाळा, गार हवा उतारावरून तिथेच येऊन साचते.

‘धूर करा.’ धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून आभाळाकडे जाणारी उष्णता त्यांतून निसटते. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, त्यात काम जाळाच्या उष्णतेचं असतं. त्याही लहान-लहान आणि बागभर लागतात. एकच मोठी शेकोटी लावली तर गरम हवा सरळ वर निघून जाते. इथे पाचोळा जाळण्यापेक्षा आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर सोडून, चार बोटं जाड.

कोमट पाण्यासाठी चूल पेटवायची गरज नाही. पहाटेच्या हवेपेक्षा विहिरीचं पाणी बरंच उबदार असतं. ते सकाळी घाला, आणि बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच. मंदावलेल्या मुळांना रोजचं पाणी कुजवतं, मिरवेलीला तर हमखास.

युरियाचा सल्ला सगळ्यात घातक. त्यातल्या नत्राने कोवळी फूट येते, आणि गारठ्यात आधी मरते ती कोवळी फूटच. मिरी-जायफळाचं खत पावसाच्या तोंडावर आणि पाऊस ओसरताना. मध्ये काही नको. हाच मजकूर आंब्याला लावणाऱ्यांनी तर थांबावं: हापूसला मोहोर यायला गार रात्री हव्याच असतात, आणि ऐन हंगामाआधी नत्र-पाणी दिलं तर मोहोराऐवजी पालवी येते.

हळद, सुरण यांची पानं या दिवसांत पिवळी पडून बसतात. तो गारठ्याचा घाला नव्हे, गड्डे तयार झाल्याची खूण आहे. पाणी तोडा आणि काढणीला लागा.

राहिली काळी पानं. केळीची अर्धी काळी पानंसुद्धा घडावर सावली धरतात. कापलीत तर घड उन्हाने भाजतो. जायफळ-मिरीच्या फांद्यांनाही फेब्रुवारी संपेपर्यंत कोयता लावू नका. मग नखाने साल किंचित खरवडा: खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली सरकत जा आणि तिथल्या डोळ्याच्या जरा वर काप घ्या.