जुलैत जंजिरा, वर हर्णैचा लिलाव

शुभ्याने टपरीवर येताच सगळ्यांच्या नाकापुढे मोबाइल धरला. शनिवार-रविवारचा कोकणचा प्लॅन, चॅटबॉटकडून मिनिटात तयार. शनिवारी सकाळी दहाला हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली भेग), संध्याकाळी हर्णैचा मासळी लिलाव, रविवारी मुरूडहून होडीने जंजिरा. आणि प्रवास? ‘किनाऱ्याच्या रस्त्याने सलग.’

अलकाचं माहेर गुहागरकडचं. तिने चहाचा ग्लास खाली ठेवला.

“वासिष्ठी, सावित्री, राजपुरीची खाडी, तिन्ही गेल्या कुठे? अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून सरकारला जे पूल जमले नाहीत ते याने एका ओळीत बांधले. दाभोळला फेरीबोट लागते, बागमांडल्याला लागते, दिघीला लागते.”

“प्रॉम्प्ट नीट द्यावा लागतो,” शुभ्या म्हणाला. चॅटबॉटला नीट विचारण्याचं हे वाक्य तो हल्ली भाजी आणताना पण म्हणतो.

“दे की. त्याला सांग, जुलै आहे. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. लिलाव कशाचा बघणार, रिकाम्या टोपल्यांचा? आणि जंजिऱ्याच्या होड्या पावसाळाभर बंद.”

नंदूने मग ‘व्हिसा लागतो का’ हे चॅटबॉटला विचारून निघालेल्या आणि पोर्तो रिकोचं विमान चुकलेल्या त्या स्पॅनिश जोडप्याचा विषय काढला. मंग्याचं म्हणणं, चॅटबॉटने धडधडीत खोटं सांगितलं. नंदू म्हणाला, “खोटं कुठे? त्यांना व्हिसा लागत नव्हताच. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात, म्हणून अमेरिकेची ती ऑनलाइन परवानगी लागत होती. विचारलं तेवढंच सांगितलं.”

“तेच तर,” अलका म्हणाली. “माझ्या आत्याला विचारलं, ‘हेदवीला येऊ का?’ तर ती आधी विचारते, कधी येताय, किती जण, बरोबर पोरं आहेत का. यंत्र विचारत बसत नाही, थेट ‘या’ म्हणतं.”

नंदूने हार मानली नाही, आणि त्याचं ऐकण्यासारखं होतं. “तुला आत्या आहे. मला कोकणात कुत्रंसुद्धा ओळखत नाही. आईचे गुडघे गेलेत. कुठे पायऱ्या, कुठे गाडी दारापर्यंत, हे सगळं त्यानेच मला एका जागी काढून दिलं. मग मी फोन करून खात्री केली.”

“फोन केलास ना? मग भांडण कुठे आहे?”

शुभ्या तरी बामणघळीवर अडून होताच. अलका उठली, टपरीतल्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. शनिवारी पंचमी.

“पाच पाऊणे?”

“पावणेचार,” टपरीवाले मामा आतून म्हणाले. पाऊणकीचा पाढा कट्ट्यावर त्यांनाच येतो.

“तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ. म्हणजे दुपारी पावणेचारच्या आसपास. सकाळी दहाला तिथे ओहोटी. खडकाची कोरडी भेग बघून परत येशील. आणि भरतीला गेलास, तर जुलैचा समुद्र आहे, त्या भेगेतून पाणी माणसाच्या डोक्यावर उसळतं. कडेला उभं राहून सेल्फी काढायची नाही.”

भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. कुठल्याही प्लॅनमध्ये ‘सकाळी दहा’ असं कायमचं लिहून चालत नाही. मला अलकाचं शंभर टक्के पटतं. हॉटेल चुकलं तर दोन हजार जातात. किनाऱ्यावर वेळ चुकली तर माणूस जातो, दर पावसाळ्यात जातात. चॅटबॉटला यादी करायला लावा, रस्ते विचारा. पण पाण्याजवळ जायचं असेल तर तिथल्या माणसाला फोन केल्याशिवाय गाडी काढू नका.

मंग्याने मध्येच काढलं, “मागे दापोलीला शुभ्याने ‘समुद्र दिसतो’ म्हणून खोली घेतली होती. संडासाच्या खिडकीतून दिसत होता.”

“दिसत होता ना!”

“स्टुलावर उभं राहून!”

“आणि त्या पेट्रोलचे पैसे नंदूने अजून दिलेले नाहीत,” शुभ्याने विषय वळवायचा प्रयत्न केला.

“दिलेत! तुझ्या बायकोकडे दिलेत!”

हे शुभ्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून मामांच्या हातातली किटली हलायला लागली.

शेवटी शुभ्या नरमला. “बरं बाई, दे तुझ्या आत्याचा नंबर.”

“देते. पण ती पहिल्यांदा हेच विचारणार, मे महिन्यात हापूसच्या दोन पेट्या नेलेला शुभ्या तो तूच का?”

“प्रॉम्प्ट नीट दे रे,” मंग्या ओरडला, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे ते त्या हसण्यात राहूनच गेलं.