उन्मेषचं मेरिट आणि केशरी टी-शर्ट

गावाकडे पार असतो, सिडनीत फिडल आहे. सिडनी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं नव्हे, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं, केप ब्रेटन बेटावरचं. बंदरावर साठेक फूट उंचीचं एक फिडल, म्हणजे व्हायोलिन, उभं आहे. दिवसा क्रूझचे पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढतात. जहाज गेलं की पायथ्याचा बाक आमचा. भेळ नाही, चहा थर्मासमधला, आणि वारा असा की बोलताना निम्मी वाक्यं समुद्रात जातात. उन्मेषची गेली तरी कुणाची तक्रार नसते.

त्या दिवशी ३० सप्टेंबर. उन्मेष आला तोच मोबाईल पुढे धरून. "वाचा. मिकमॅक, म्हणजे इथल्या आदिवासी लोकांच्या ऑफिसची जाहिरात. शिक्षण आणि रोजगार सहायक. सगळं माझ्या प्रोफाइलला मॅच. आणि शेवटची ओळ काय? मिकमॅक उमेदवारांना प्राधान्य! सातासमुद्रापार आलो, तरी हे आरक्षण पाठ सोडत नाही."

"मिगमाव," सुरेखा म्हणाली. "आणि आरक्षण तुझ्या पाठी नाही आलेलं. तू त्यांच्या गावात आलायस."

सुरेखा जव्हारकडची, कोकणा आदिवासी. वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. मोजकं बोलते. उन्मेष कोथरूडचा, आणि तो मोजतच नाही.

"मुद्दा मेरिटचा आहे," उन्मेष.

तात्यानं थर्मासचं झाकण फिरवलं. तात्याचं वय चौतीस, केस गेले म्हणून तात्या. मूळचा साताऱ्याकडचा, इथे टॅक्सी चालवतो. "तुझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन कुठल्या कोट्यातनं रे?"

"मॅनेजमेंट. पण आम्ही त्याचे पैसे भरले होते!"

"म्हणजे मेरिट तुझ्या पप्पांचं."

पप्पू शेळकेच्या नाकातून चहा आला. पप्पू संगमनेरचा. कॉलेजातल्या निम्म्याहून जास्त पोरांसारखा तोही परदेशी विद्यार्थी म्हणून आला आणि फीच्या हप्त्यांत अडकला. त्यामुळे तो मनातून थोडा उन्मेषच्याच बाजूचा. "ते जाऊ दे तात्या, पण शिक्षण फुकट, टॅक्स नाही, वर नोकरीत प्राधान्य. आपण इथल्या पोरांपेक्षा कितीतरी जास्त फी भरतो त्याचं काय?"

"जास्तीची फी कॉलेज घेतं ना? मग कॉलेजशी भांड की," सुरेखा म्हणाली. "टॅक्सची सूट रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्या राखीव जमिनीवर कमावलं तर. बाहेर कमावलं की त्यांचाही पगार तुझ्यासारखाच कापून येतो. आणि शिक्षणाचा पैसा केंद्राकडून बँडकडे, म्हणजे त्यांच्या गावच्या कारभाराकडे येतो, बँड तो पोरांत वाटतं. १९९६ ला ठरवून टाकलं, निधी वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढवायचा नाही. कितीतरी वर्षं ते तसंच चाललं. पोरं वाढली, फी वाढली, निधी तेवढाच. मग बारावी झालेलं पोर म्हणतं शिकायचंय, आणि ऑफिस म्हणतं पुढच्या वर्षी ये. तुझं फुकट ते हे."

हे सगळं तिला कुठून ठाऊक? तिच्या पाळीवर एक मिगमाव बाई आहे. चाळिशी उलटलेली, दोन पोरांची आई. काळजीवाहकाचा कोर्स तिनं समाजाच्या ऑफिसच्या मदतीनं केला. फी त्यांनी भरली, कामाचे बूट दिले, पोरं सांभाळणारीचे पैसे दिले. मधेच आई आजारी पडली म्हणून तिनं कोर्स सोडला, तर ऑफिसातल्या बाईनं तीनदा फोन केला. चौथ्यांदा फोन नाही, स्वतः दारात.

"आता तुझी जाहिरात," सुरेखा उन्मेषला म्हणाली. "काम काय आहे? फॉर्म भरणं हा त्यातला सोपा भाग. सकाळी आठला कुणाच्या तरी दारावर थाप मारून पोराला उठवायचं, गाडीत घालून परीक्षेला न्यायचं. त्याची आजी तुला घरात घेईल?"

"मी कम्युनिकेशन स्किल्समध्ये—"

"आमच्याकडे एस्कासोनी या मिगमाव गावचे एक म्हातारे आहेत. विसरण्याचा आजार. इंग्रजी पुसून गेलं, मिगमाव तेवढी राहिली. रात्री दोनला ओरडायला लागतात, आम्ही सगळ्या नुसत्या उभ्या. ती जाते, पलंगाच्या कडेला बसते, दोन वाक्यं बोलते. ते शांत होतात. हे तुझ्या मेरिटमध्ये किती मार्कांचं?"

उन्मेषनं जॅकेटची चेन उघडली, बहुधा उकडायला लागलं असावं. आत केशरी टी-शर्ट. छातीवर ३० सप्टेंबरच्या केशरी शर्ट दिवसाचं घोषवाक्य: प्रत्येक मूल मोलाचं.

"हा कुठून मिळाला?" मी विचारलं.

"कॅम्पसवर वाटत होते. डोनटबरोबर."

"आणि कशाचा आहे?"

"रेसिडेन्शियल स्कूलचं काहीतरी. मी झोपताना घालतो, कापड चांगलं आहे."

इथे मला कबूल करायला हवं, की पहिल्या वर्षी मीही उन्मेषच होतो. टी-शर्ट नव्हता एवढंच.

सुरेखानं मात्र टी-शर्टवरून त्याला झोडपलं नाही. म्हणाली, "आजचा दिवस त्या शाळांतल्या आदिवासी पोरांच्या आठवणीचा. इथली शाळा शूबेनाकॅडीला होती. १९३० ते १९६७. घरातून पोरं उचलून न्यायची. मिगमाव बोललं की मार. मीपण निवासीच शिकले, आश्रमशाळेत. पण आई दर रविवारी नाचणीची भाकर घेऊन यायची, आणि मला घरी परत जाता येत होतं. बोली बोलले म्हणून गुरुजींची पट्टी मीही खाल्लीय. तरी ते आणि हे एक नाही. फक्त पट्टीचा आवाज ओळखीचा आहे."

थोडा वेळ नुसता वारा.

मग मीच तोंड उघडलं, कारण शांतता मला सोसत नाही. "आणि त्याआधी १८७६ चा कायदा. इंडियन म्हणजे आपण नव्हे, कायद्यात इथल्या आदिवासींना तसं म्हणतात. तर इंडियन माणसानं विद्यापीठाची डिग्री घेतली, डॉक्टर, वकील किंवा पाद्री झाला, की तो कायद्यानं इंडियन राहत नसे."

"म्हणजे पदवीदान समारंभातच यादीतून नाव कमी?" तात्या. "मग शिकायचं कुणी? आणि आता हाच विचारणार, यांच्यात शिकलेले कमी का."

"पण आता तर सगळं त्यांच्याच हातात आहे ना?" उन्मेष सावरून बसला.

"आहे, आणि जमतंय," सुरेखा म्हणाली. १९९७ चा करार, १९९८ चा कायदा. शाळा मिगमावांच्या स्वतःच्या ताब्यात आल्या. किनामातनेवे नावाची त्यांची शिक्षणसंस्था, नोव्हा स्कोशियातल्या तेरापैकी बारा समाज तिच्यात. त्यांच्याकडे बारावी पार करणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास सांगतात, बाकी देशातल्या रिझर्व्हपेक्षा कितीतरी वर. पोरं तीच, गावं तीच. शाळा कोण चालवतं तेवढं बदललं. उन्मेषला टक्के कळतात, म्हणून तो गप्प राहील असं वाटलं होतं.

"शाळा ठीक आहे. पण धंदा? धंद्याला मेरिटच लागतं."

तात्या याचीच वाट बघत होता. "शनिवार-रविवार तू ज्या हॉटेलात चादरी बदलतोस, ते कुणाचं?"

"मेंबरटूचं."

"मेंबरटू कोण?"

उत्तर आलं नाही.

"पगार मिगमावांचा चालतो, प्राधान्य चालत नाही," तात्या म्हणाला. "आणि २००२ ला आयएसओचं प्रमाणपत्र मिळवलंय त्यांच्या कारभारानं. आदिवासी सरकारांत जगात पहिलं. तुझ्या पप्पांच्या कारखान्याला मिळालं का?"

"प्रोसेस चालू आहे."

"दहा वर्षं ऐकतोय," पप्पू म्हणाला. त्यांची ओळख तीन वर्षांची आहे, पण हसताना कोण मोजतो. मग पप्पूचं इंजिन लॉबस्टरवर गेलं. २०२१ ला क्लिअरवॉटर ही मासळीची अवाढव्य कंपनी मेंबरटूनं इतर मिगमाव समाजांना घेऊन, एका भागीदाराबरोबर विकत घेतली, शंभर कोटी डॉलरला, आणि आपण मात्र लॉबस्टर अजून चाखला नाही, हे त्याचं कायमचं दुःख. त्यातून गेल्या हिवाळ्यातल्या राइस कुकरचा विषय निघाला, तो इथे देत नाही. झाकण कुणी फोडलं ते सगळ्यांना माहीत आहे.

सुरेखानं हात लांब केला. "इथून खाली गेलं की किंग्ज रोड. बंदराकाठी तिथे वस्ती होती त्यांची. गोऱ्यांना ती नजरेसमोर नको होती. १९१६ ला कोर्टानं उठवायचा हुकूम दिला, १९२६ ला वर नेऊन टाकलं, पाणथळ जागेत. तेच आजचं मेंबरटू. तू चादरी बदलतोस ते."

"मग ही जागा, आपण बसलोय ती?" पप्पूनं विचारलं. "सातबारा कुणाच्या नावावर?"

"१७२५ पासूनचे तह आहेत," मी म्हणालो. "शांततेचे आणि मैत्रीचे. जमीन दिल्याचं एकाही तहात नाही."

"म्हणजे खरेदीखत नाही," तात्यानं निकाल दिला. सातबाऱ्याच्या विषयात त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. घरची चौदा वर्षांची तारीख पे तारीख आहे. "गोरे कुळ म्हणून घुसले आणि मालक होऊन बसले."

"आणि आपण कोण?"

"पोटभाडेकरू. डिपॉझिट न भरलेले."

उन्मेषसकट सगळे हसले. हसणं ओसरल्यावर सुरेखानं त्याचा मोबाईल मागितला आणि जाहिरात पुन्हा वाचली. "प्राधान्य लिहिलंय. बंदी नाही लिहिलेली. भर की अर्ज."

"खरंच?"

"न मिळाली तर मेरिटवर नाही मिळाली असं समज."

तो लगेच भरायला बसला. या समाजाबरोबर काम का करायचं आहे, या रकान्यात तात्यानं सुचवलं, "लिही, टी-शर्ट आधीच आहे." पुढे दोन ओळखीच्यांची नावं मागितली होती. उन्मेषनं हळूच सुरेखाकडे बघितलं.

"आधी गणपतीची वर्गणी," सुरेखा म्हणाली. "वीस डॉलर. वहीत लाल शाईनं आहे."

त्यानं पाकीट उघडलं, दहाची एकच नोट निघाली. ती तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "विद्यार्थ्यांना काही सवलत नाही का?"

तात्या बाकावरून खाली बसला, हसून. आम्हाला त्याला दोघांनी उठवावं लागलं.