खिचडी, दोन लाख ब्रास माती आणि "या देशाला इतिहासच नाही"

आज इथं अमेरिकेत आषाढीचं भजन होतं एका घरी, नंतर फराळ. ताटली हातात घेऊन एक सद्गृहस्थ म्हणाले, "काही म्हणा, पैसा आहे, रस्ते आहेत, पण या देशाला इतिहासच नाही हो. जेमतेम अडीचशे वर्षं! आपल्याकडं अडीचशे वर्षांच्या तर विहिरी असतात." लगेच चार-पाच माना डोलल्या. यजमानांचा विचार करून मी गप्प बसलो. आता झोप येईना म्हणून टाइप करतोय, लांबणार आहे, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

अहो, सेंट लुईसमध्ये राहून हे बोलता? मिसिसिपीचा पूल ओलांडला की पंधरा-वीस मिनिटांवर कहोकिया आहे. इसवी सन 1050 च्या आसपास तिथं शहर उभं राहिलं, दहा ते वीस हजार वस्तीचं. शंभरावर मातीचे मनोरे (म्हणजे माणसांनी रचलेल्या टेकड्या, 'माउंड'), मधे सपाट केलेलं भलंमोठं मैदान, भोवती लाकडी ओंडक्यांचा तट, आणि सूर्य कुठं उगवतो ते बघायला खांबांचं रिंगण. कोलंबस निघायच्या शंभर-दीडशे वर्षं आधीच ते शहर ओस पडलं होतं. म्हणजे त्याने 'शोध लावला' तेव्हा इथं जुने अवशेषसुद्धा होते!

आमचे आण्णा आले होते तेव्हा त्यांना तिथं नेलं होतं. आण्णा माण तालुक्यातले. 72 च्या दुष्काळात सतरा वर्षांचे होते, पाझर तलावाच्या कामावर होते, सुकडी खाऊन पाट्या वाहिल्यात त्यांनी. इथलं काहीच त्यांना बघावंसं वाटत नव्हतं, ती नदीकाठची स्टीलची कमान बघून "बरं आहे" म्हणाले फक्त. पण तो मोठा मनोरा, माँक्स माउंड, बघितला आणि गाडीतून उतरून उभेच राहिले. शंभर फूट उंच, पायथा चौदा एकर. मग वाकले, कडेची माती चिमटीत घेतली, अंगठ्याने दाबली. "चिकणमाती हाय. हे माणसानं रचलंय?" हो म्हटलं, पाट्यांनीच. ना बैल, ना घोडा, ना चाकाची गाडी. पाटीभर माती खणायची, पाठीवर घ्यायची, ओतायची, तुडवायची.

"किती माती?" मी फोनवर बघून सांगितलं, दोन कोटी घनफुटांच्या वर. आण्णा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "दोन लाख ब्रास." (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास.) एका ट्रकला दोन ब्रास धरली तरी एक लाख ट्रक! आणि आमचा हा माणूस, ज्याचे गुडघे विमानतळावर व्हीलचेअर मागत होते, तो दीडशेच्या वर पायऱ्या चढून गेला. वर वारा होता, लांब ती कमान दिसत होती. म्हणाले, "हजेरी कोण लावत आसंल रं?"

मला याचं उत्तर येत नव्हतं. त्यांची लिपी नव्हती, मस्टर कुठला सापडणार. (सद्गृहस्थ म्हणतील, बघा, लिहिता येत नव्हतं. नव्हतं येत. पुढं?)

तर इतिहास नाही म्हणे. होता, उपसून टाकलाय! सेंट लुईसला पूर्वी 'माउंड सिटी' म्हणायचे, एवढे मनोरे गावातच होते. त्यातला सगळ्यात मोठा 1869 पर्यंत खणून संपवला आणि ती माती रेल्वेच्या भरावाला वापरली. कहोकियाच्या हद्दीतून तर आख्खा हायवे गेलाय. गावातल्या शेवटच्या उरलेल्या मनोऱ्याचा एक भाग ओसेज या इथल्या मूळनिवासी लोकांनी 2009 मध्ये स्वतः पैसे देऊन विकत घेतला, आपल्याच पूर्वजांची टेकडी विकत घ्यायची, कल्पना करा, आपल्यावर राजगड विकत घ्यायची वेळ आली तर? आणि एकोणिसाव्या शतकात इथले गोरे विद्वान काय सांगत होते, हे इथल्या मूळनिवासी 'इंडियन' लोकांनी बांधलेलं असणं शक्यच नाही, कुणीतरी हरवलेली जमात होती, फिनिशियन होते, वेल्श होते! सायरस थॉमस नावाच्या माणसाने 1894 च्या सरकारी अहवालात पुराव्यानिशी ते मोडून काढलं. तरी आपल्या ग्रुपवर अजून एलियनचे व्हिडिओ येतातच. पाटी वाहिलेल्या माणसाला श्रेय द्यायला जीव जातो लोकांचा.

मान्य, सगळं सोन्यासारखं नव्हतं. तिथल्या एका छोट्या मनोऱ्याखाली पन्नासावर तरुण बायका एकाच खड्ड्यात पुरलेल्या सापडल्या, बळीच दिले होते. ते वाचून मला दोन दिवस कसंतरी होत होतं. पण क्रूर होते म्हणून इतिहास नव्हता असं होत नाही ना.

आणि त्या सद्गृहस्थांच्या ताटलीत काय होतं माहितीये? साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्याचा करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीजमधल्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेला, मिरचीसुद्धा मेक्सिकोकडची. जिरं आणि तूप सोडलं तर आपला उपवास त्यांच्या जिवावर चाललाय.

बरं, फार चिडलो. खरं सांगायचं तर मीही पहिली चार वर्षं त्याच हायवेने ऑफिसला जात होतो आणि तो मनोरा म्हणजे कचऱ्याचा डेपो समजत होतो. शेजारी डेपो आहे खरा, पण तरी. कुणी विचारलं असतं तर मीही अडीचशे वर्षंच म्हणालो असतो. आण्णा आले नसते तर अजूनही म्हणत असतो बहुतेक.

मघाशी त्यांना फोन केला, तिकडं सकाळ होती. हे सगळं सांगितलं तर त्या सद्गृहस्थांबद्दल काही बोललेच नाहीत. म्हणाले, "त्या टेकडाचा उतार लई उभा हाय, चिकणमातीत पाणी मुरलं की घसरंल. पाऊस कसाय तिकडं?" नंतर शोधलं तर खरंच, घसरलाय तो पूर्वी, 2007 मध्ये दुरुस्ती केली होती.

शनिवारी सकाळी आठला मी जातोय, उतार बघून फोटो पाठवायचेत त्यांना. गाडीत तीन सीट रिकाम्या आहेत. सद्गृहस्थ ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनीही यावं, खिचडी मी आणतो. गुडघ्यांचं कारण चालणार नाही.