धुकं शाईत नसतं, दाण्यात असतं

एका लेखात म्हटलंय की लिथोग्राफमधलं (दगडावर काढून कागदावर छापलेल्या चित्रातलं) हिवाळी धुकं शाई पातळ करून आणतात. तसं केलं तर शाई दगडावर पसरते, दाणे बुजतात आणि सगळा करडा चिखल होतो. फिकटपणा दगडाच्या दाण्यातून, म्हणजे घासलेल्या पृष्ठभागाच्या बारीक खरखरीतून येतो. कार्बोरंडमच्या (घासायच्या पुडीच्या) ८०, मग १२०, शेवटी सगळ्यात बारीक २२० नंबरने घासलेला चुनखडी दगड, आणि त्यावर ४ किंवा ५ नंबरचा कडक तेलकट क्रेयॉन, अगदी हलक्या हाताने. छत्रपती संभाजीनगरातल्या (औरंगाबाद) शहागंजच्या घड्याळ टॉवरची पौषातली पहाट काढायची तर दूरचा टॉवर अशा कडक क्रेयॉनने. जवळच्या चहाच्या गाड्याला मऊ १ नंबर. दिव्यांभोवतीचा उजेड आधीच गमने (डिंकाच्या पाण्याने) झाकून ठेवावा, म्हणजे तिथे शाई धरत नाही. छाप उलटा उमटतो, म्हणून पाट्यांवरची अक्षरं उलटी काढायची, हे तर आलंच.

खरा घात होतो एचिंगमध्ये, म्हणजे काढलेल्या चित्रावर गम आणि आम्लाचं मिश्रण लावताना. फिकट भागाला ३० मिली गम अरेबिकमध्ये नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब पुरे. जास्त झाले की बारीक ठिपके जळतात, ते परत येत नाहीत. त्यात मराठवाड्याची कोरडी हवा! छापताना दगड ओला ठेवावा लागतो, पण शाईचा रोलर फिरेपर्यंत पाणी उडतं आणि पांढऱ्या जागी शाई धरते. म्हणून पंखा बंद, आणि स्पंज घेऊन एक जण फक्त पाण्यासाठी उभा हवा.