चहात गोडी येणार नाही

मिरॅकल फ्रूट या पश्चिम आफ्रिकेतल्या फळावरच्या एका लेखात वाचलं: त्याचा गर चहात घाला, साखर लागत नाही. हे वाक्य साफ चुकीचं आहे. हे फळ स्वतः फारसं गोड नसतंच. त्यातलं मिराक्युलिन नावाचं प्रथिन जिभेला चिकटतं आणि मग आंबट पदार्थ गोड लागतो. चहात आंबट काय असतं? शिवाय उकळलं की ते प्रथिन निकामी होतं ते वेगळंच. घानात कुमासीला असताना शेजारच्या आंटींच्या परसात हे छातीएवढं झुडूप होतं. करवंदाएवढं लालभडक फळ हातावर ठेवून म्हणाल्या, बी चावू नकोस, मिनिटभर घोळव. वर लिंबाची फोड दिली. अहो, मोसंबीच! पश्चिम आफ्रिकेत आंबलेल्या मक्याच्या पिठाची केंकी किंवा आंबट झालेली ताडी घेण्याआधी हे फळ चघळायची पद्धत जुनी आहे.

आणि त्याच लेखातला, लावण्यासाठी बी वाळवून ठेवायचा सल्लाही नको. वाळलं की गेलं. जांभळासारखं ताजंच लावायचं. माती आम्लधर्मी हवी. पुण्यात बोअरच्या जड पाण्यावर माझ्या रोपाची पानं कडेने करपत गेली, दुसरा उन्हाळा काही त्याने पाहिला नाही.